पाणी तुटतंय का?

मास्तरांचे डोळे गेले ते मधूनच गेले. कडा राहिल्या आणि मधलं गेलं. भिंतीवरच्या घड्याळाची चौकट त्यांना दिसायची, काटे दिसायचे नाहीत. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, आणि चेहऱ्याच्या जागी राखी रंगाचं ठिगळ. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत उजेड मारून बराच वेळ बघितलं आणि सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलं किती टिकेल याचीही खात्री नाही. मास्तर घरी आले, खुर्ची चाचपून बसले आणि बायकोला म्हणाले, "हे या भिंतींच्या बाहेर गेलं तर याद राख."

"मी कशाला सांगू कुणाला?"

"तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून सांगतोय."

खरं तर तिच्या पोटात इतकं काही राहिलेलं होतं, की ते कुठे ठेवावं हाच प्रश्न होता. पण मास्तरांना त्याचा पत्ता नव्हता.

जुने रेडिओ दुरुस्त करणारे त्या शहरात पुष्कळ होते. आतल्या तारा जोडणारे होते, लाकडी खोकं नव्यासारखं करून देणारा एक सुतार होता. पण डायलभोवतीची चौकट, बटणांच्या कड्या, स्पीकरवरची जाळी, यांचा गेलेला मुलामा परत आणून देणारे मास्तर एकटेच. गंजून काळी पडलेली पट्टी त्यांच्याकडे द्यायची आणि तिच्यात भांग पाडता येईल अशी चकचकीत होऊन ती परत यायची. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत टाक्या आणि घासायची मोटर, वर राहायच्या दोन खोल्या.

मुलाम्याचं काम लांबून जादूसारखं वाटतं, जवळून ते मोरीतलं काम असतं. घासा, धुवा, कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढा, परत धुवा. निकेलच्या हिरव्या पाण्यात वस्तू सोडण्याआधी एकच परीक्षा असते आणि ती डोळ्यांची असते. वस्तूवर पाणी ओतायचं. धातू खरोखर स्वच्छ असेल तर पाणी सलग उतरतं, चादर ओढल्यासारखं. कुठे बोटाचा तेलकट ठसा राहिला असेल तर तिथे ते तुटतं, त्याचे थेंब होतात. अशा जागीही निकेल बसतं आणि झकास चमकतं, पण धरत नाही. काही आठवड्यांनी पापुद्रा सुटतो.

डोळे गेल्यावर मास्तर वस्तू नळाखाली धरायचे आणि बायकोला विचारायचे, "पाणी तुटतंय का?"

ती वाकून बघायची आणि सांगायची. हो म्हणाली की मास्तर परत घासायचे, नाही म्हणाली की टाकीत सोडायचे. गिऱ्हाइकांना काही कळलं नाही. मास्तर दुकानात अशा तोऱ्यात वावरायचे की त्यांना टेबलाचा कोपरा दिसत नाही अशी शंकाही कुणाला आली नसती. कोपरा बायकोनं आधीच बाजूला केलेला असायचा.

तिला ते ढब्बू म्हणायचे. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिच्या हातून एक डायलची काच फुटली, तेव्हा ते नाव पडलं, आणि गिऱ्हाइकांसमोर, पाहुण्यांसमोर, सुतारासमोर तेच चालत राहिलं. हाका मारण्यात राग नसायचा. मास्तरांना वाटायचं, आपण गमतीदार माणूस आहोत. होतेच ते गमतीदार. लोक त्यांच्या दुकानात काम नसतानाही येऊन बसायचे.

ढब्बू मात्र हे काम बघून बघून शिकली होती. एकदा मास्तर तापानं बरेच दिवस पडून होते आणि कुणाच्या तरी बटणांच्या कड्या अर्धवट घासून टांगलेल्या होत्या. तिनं त्या पुऱ्या घासल्या, पाणी ओतून बघितलं, परत घासल्या, टाकीत सोडल्या, आणि त्या अशा निघाल्या की ती त्या घेऊन खिडकीशी उभीच राहिली. ताप उतरल्यावर मास्तर खाली आले. सुतारही आलेला होता. मास्तरांनी एक कडी उचलली, पात्याचं टोक लावून थर निघतो का बघितलं. निघाला नाही. चिकटपट्टी लावून ओढली. पट्टी कोरीच आली.

"मास्तर," सुतार म्हणाला, "वहिनींनी तुम्हाला मागं टाकलं की हो."

मास्तर हसले. हसत हसतच त्यांनी सगळ्या कड्या जुना थर उतरवायच्या ॲसिडमध्ये टाकल्या. "ढब्बूच्या हातचा माल माझ्या दुकानातून जायला लागला, तर मी काय वर जाऊन भांडी घासू?"

सुतार पोट धरधरून हसला. कड्या निस्तेज होईपर्यंत ती तिथे उभी होती. मग मास्तरांनी तिला त्या बाहेर काढून धुवायला सांगितल्या, आणि तिनं त्या नीट धुतल्या.

डोळे गेल्यावर तिनं एकदाच विचारलं होतं, "मी करू का? तुम्ही शेजारी बसा."

"तू बघ आणि सांग. करायचं काम माझं."

त्यावर ती पुन्हा बोलली नाही.

दातांचे एक डॉक्टर मास्तरांचे जुने गिऱ्हाईक. दवाखान्यातल्या बाकांसमोर त्यांनी जुने रेडिओ मांडून ठेवले होते, म्हणजे पेशंटचं लक्ष दाताकडून हटावं. ते एका रेडिओच्या कड्या घेऊन आले. गप्पा झाल्या, चहा झाला. चहाचा कप तिनं मास्तरांच्या हातात दिला, कान त्यांच्या बोटांकडे वळवून.

"वहिनी, तुम्ही शिकलात की नाही हे काम एव्हाना?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

"ही?" मास्तर म्हणाले. "हिच्यासमोर दूध उतू जातं आणि ही शेगडीकडे बघत उभी असते. अहो, मी डोळे मिटले तरी मला हिच्यापेक्षा जास्त दिसतं."

डॉक्टर हसले. मास्तर त्यांच्याहून जोरात हसले. ती रिकामे कप घेऊन आत गेली.

डॉक्टर गेल्यावर त्या कड्यांचं काम सुरू झालं. मास्तरांनी पहिली कडी नळाखाली धरली. "पाणी तुटतंय का?"

ती वाकली. कडीच्या आतल्या वळणावर पाणी फाटून थेंब झाले होते, अगदी स्पष्ट. तोंडात हो आलेलं होतं, सवयीनं.

"नाही," ती म्हणाली. "सलग आहे."

तिचे कान तापले. मास्तरांनी कडी टाकीत सोडली आणि दुसरी नळाखाली धरली. दुसरीबद्दलही ती तेच बोलली. तिसरीला कान तापले नाहीत.

काही आठवड्यांनी डॉक्टर हातरुमालात कड्या बांधून परत आले. "मास्तर, हे बघा. नखानं निघतंय. दातावरचं किटणसुद्धा इतक्या सहज निघत नाही हो."

मास्तरांनी कडी घेतली, बघितल्यासारखं केलं आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. सुटलेल्या थराची कड अंगठ्याला लागली. "तुमच्या दवाखान्यात वाफ फार," ते म्हणाले. "ती हत्यारं उकळता ना तुम्ही. ठेवून जा, करून देतो."

करून दिल्या. त्याही सोलल्या. मग एका दुकानदाराची जाळी परत आली. आधी लोक हळू आवाजात सांगायचे, नंतर सगळ्यांदेखत बोलायला लागले. मास्तरांनी दोष शोधायला सुरुवात केली. आधी कॉस्टिक बदललं. मग नळाच्या पाण्यावर संशय घेतला, लांबून पाणी आणलं. घासायचा मसाला बदलला. शेवटी एक दिवस म्हणाले, "टाकीच बिघडली असणार."

टाकीतलं हिरवं पाणी मास्तरांनी वर्षानुवर्षं सांभाळलेलं होतं. ते गाळायचे, त्याला ऊब द्यायचे, कुणाला त्यात बोट घालू द्यायचे नाहीत. एखादा म्हातारा बैल विकावा तसे ते त्या दिवशी घरात इकडून तिकडे हिंडले, मग पिंप मागवून ते पाणी त्यात भरलं. पिंपाचा एक कान त्यांनी धरला, दुसरा बायकोनं. पिंप दाराबाहेर ठेवून मास्तर पायरीवर बसले. ती शेजारी उभी राहिली. इतकं स्वच्छ, हिरवंगार पाणी, आणि त्याचा काहीच दोष नव्हता. तिला वाईट वाटलं, पण ते पाण्याबद्दल.

मास्तरांनी सगळ्यांवर संशय घेतला. तिच्यावर घेतला नाही. तो भरवसा नव्हता. मुद्दाम खोटं बोलायला जी अक्कल लागते ती हिच्यात असेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

नव्या पाण्यातला मालही सोलून परत आला. तेव्हा एका दुपारी मोटर बंद करून त्यांनी विचारलं, "माझा हात कापतो का गं?"

हात दगडासारखा स्थिर होता. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं.

"थोडा," ती म्हणाली.

त्यानंतर मास्तर उजवं मनगट डाव्या हातानं धरून काम करायला लागले. गंमत सांगत असताना मधेच थांबायला लागले. कुणी जोरात हसलं तर आपल्याला तर नाही ना, म्हणून कान टवकारायचे. गिऱ्हाइकं कमी झाली. सुतार यायचा, पण त्याच्या तोंडी आता दुसऱ्या शहरातल्या एका कारखान्याचं नाव असायचं.

अशात एक दिवस एक वृद्ध बाई दुकानात आल्या. पिशवी टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "रेडिओच्या मुलाम्याचं काम करणारे मास्तर आपणच का?" आणि मास्तर ताडकन उभे राहिले. तो आवाज ते लहानपणापासून ऐकत आले होते. संध्याकाळच्या बातम्या त्याच आवाजात यायच्या. देशात बरंवाईट काय झालं ते घराघरात त्याच आवाजानं सांगितलं होतं.

"बाई, तुम्हाला माझ्या दुकानात ओळख द्यायची गरज नाही," मास्तर म्हणाले. "तुमच्यापुढे आमच्या घरात वडीलसुद्धा गप्प बसायचे."

निवेदिकाबाई संकोचून हसल्या. त्यांनी पिशवीतून एक डायलची चौकट काढली. ओतीव जस्ताची होती, कोपऱ्यांना नाजूक नक्षी, वरचा चकचकीत थर ठिकठिकाणी फुटलेला. त्या पहिल्यांदा रेडिओवर बोलणार होत्या तेव्हा वडिलांनी तो रेडिओ मुद्दाम घेतला होता. चौकट त्यांनी मास्तरांसमोर धरली, पण मास्तर तिच्याकडे बघायच्या ऐवजी भलतीकडेच बघतायत असं वाटून ती मास्तरांच्या बायकोच्या हातात दिली.

"उलटी करून बघा," त्या म्हणाल्या. "वडिलांनी खिळ्यानं कोरलंय. माझं घरातलं नाव."

तिनं उलटी केली. वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'बडबडी'. तिला हसू फुटलं. कित्येक दिवसांत फुटलं नव्हतं.

"आणि तुमचं हो? घरातलं नाव काय?" बाईंनी विचारलं.

कुणी आपल्याला असं काही विचारावं याची तिला सवय नव्हती. आई तिला काय म्हणायची ते ओठावर आलंसुद्धा.

"ढब्बू!" मास्तर म्हणाले.

निवेदिकाबाई हसल्या. त्या शब्दाला हसल्या, तिला नव्हे. पण हसल्या, आणि तो आवाज असा होता की हसूसुद्धा प्रत्येक अक्षर सुटं केल्यासारखं ऐकू आलं.

"बसा बाई," मास्तर रंगात आले. पूर्वीसारखे. "जुना थर तर आत्ता उतरवून दाखवतो. तुमच्यादेखत सुरुवात होऊ दे." ते मागच्या खोलीत आले, धुराचा पंखा लावला, पातळ ॲसिडच्या टबात चौकट सोडली आणि बायकोला म्हणाले, "जस्त आहे. वरचं निघालं की ॲसिड जस्ताला खायला लागतं, फेस येतो. फेस दिसला की हाक मार. एवढं तरी जमेल ना?"

"जमेल."

ते पुढे जाऊन बसले. ती चिमटा घेऊन टबाशी उभी राहिली. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. ही चौकट ती वाचवणार होती. फेस दिसताच हाक मारायची, आणि नंतर पाणी तुटलं तर हो म्हणायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

जुना थर काळवंडला आणि सालीसारखा सुटला. खालून राखी जस्त दिसलं. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली, मग दुसऱ्या. तिनं हाक मारायला तोंड उघडलं.

पुढच्या खोलीतून पंख्याच्या घरघरीवरून मास्तरांचा चढा आवाज आला. "...तर एकदा मी तापानं पडलो होतो बरं का, आणि आमच्या ढब्बूनं काय करावं? माझ्या टाकीत..."

तिनं तोंड मिटलं.

कड्यांची सगळी गोष्ट मास्तरांनी सांगितली. ॲसिडपर्यंत येऊन ते थांबले, जिथे थांबायला पाहिजे तिथेच, आणि मग ते वाक्य टाकलं. वर जाऊन भांडी घासू का. निवेदिकाबाई पुन्हा हसल्या. टब आता दूध उतू जावं तसा उसळत होता. कोपऱ्यातली नक्षी गेली होती. कोरलेलं नाव खालच्या बाजूला होतं, ते तिला दिसत नव्हतं, पण काय होतंय ते तिला ठाऊक होतं. तिनं चिमटा उचलला. मग तो परत टेबलावर ठेवला.

बऱ्याच वेळानं मास्तर आत आले. "काय गं, अजून फेस नाही?"

"नाही."

मास्तर दोन पावलं पुढे आले आणि त्यांचं नाक फुललं. पंख्यालाही न आवरणारा तो वास त्यांना कळला. "अगं!" म्हणून त्यांनी हातमोज्याशिवायच हात टबात घातला, तळाशी चाचपडले आणि चौकट बाहेर काढली. जे हातात आलं ते बिस्किटासारखं वाकलं. एक बाजू गळून पडली. मास्तर उभ्या उभ्या त्यावरून बोटं फिरवत राहिले, पुढून, मागून, पुन्हा पुढून. हाताची आग होत असणार, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

दारात निवेदिकाबाई आलेल्या होत्या.

"बाई, हे कसं..." मास्तर म्हणाले.

बाई आत आल्या. त्यांनी उरलेला तुकडा मास्तरांच्या हातातून घेतला, नळाखाली धरला, उलटा करून बघितला. मागची बाजू सपाट होती. त्यांनी तो रुमालात गुंडाळला. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "होतं तसं चाललं असतं." आणि पिशवी घेऊन निघून गेल्या.

मास्तरांच्या बायकोनं त्यांचा हात धरून नळाखाली नेला. बोटं लालभडक झाली होती, जुन्या चिरांमधून कातडी सुटली होती. तिनं पाणी वाहू दिलं, मग वर नेऊन मलम लावलं, पट्टी बांधायला घेतली.

"फेस आला नव्हता?" मास्तरांनी विचारलं.

"आला होता."

"तुला दिसला नाही?"

"दिसला."

तिनं पट्टीचे दोन वेढे घेतले.

"डॉक्टरांच्या कड्या?"

"पाणी तुटत होतं."

"जाळी?"

"तेव्हाही."

ती तयार होती. ओरडतील, हात उगारतील, काहीतरी फेकतील. याच घडीची ती इतके महिने वाट बघत होती. यांना कळेल, आणि कळल्यावर ते एकदा तरी आपल्याकडे बघतील, ही काय बाई आहे म्हणून बघतील.

"आणि ते जुनं पाणी?" मास्तर म्हणाले. "टाकीतलं. ते बिघडलं नव्हतं?"

"नव्हतं."

"माझा हात?"

"कापत नाही तुमचा हात."

मास्तरांनी मोठा श्वास सोडला. चेहरा सैल झाला. "तरीच," ते म्हणाले. "मी म्हणतच होतो. माझं पाणी बिघडणं शक्यच नाही." ते हसलेसुद्धा. पट्टी बांधलेला हात वर करून तो कडेच्या नजरेनं निरखत राहिले, हरवलेली वस्तू सापडल्यासारखा. बायको समोर बसली होती हे विसरूनच गेले.

तिनं गाठ मारली. जरा जास्तच घट्ट बसली.

सकाळी मास्तरांनी सुताराला फोन केला. आवाजात चढ होता. सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं, काम आपलं चोख होतं आणि वाटोळं बायकोनं केलं हे सगळ्यांना कळायला हवं होतं. सुतार तसाच आला. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सुतार ऐकत होता आणि मास्तर ज्या बाजूला बघून बोलतायत त्या बाजूला आपण बसलेलोच नाही हे बघत होता. मग तो मागे आला.

"वहिनी, मास्तर काय म्हणतायत हे?"

ती टाकी पुसत होती. पुसणं न थांबवता ती हळूच म्हणाली, "त्यांना दिसत नाही हो, भाऊ. फार दिवस झाले. मला शपथ घातली होती, कुणाला सांगू नकोस म्हणून. सगळं काम चुकायला लागलं. आता ते कुणाच्या तरी माथी मारायचं, तर माझ्याशिवाय आहे कोण?" आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. कसं आलं ते तिलाही कळलं नाही.

सुताराचे डोळे भरले. तो पुढे गेला आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, पुष्कळ केलंत. आता जरा आराम करा."

"अरे, मी काय सांगतोय ते ऐकलंस का? तिनं मुद्दाम केलं!"

"हो हो."

"हो हो काय? विचार तिला!"

"विचारलं मी."

मास्तर ओरडले. टेबलावर मूठ आपटायला गेले ती कडेला लागली. जितके जास्त ओरडले तितकं सुताराला त्यांचं जास्त वाईट वाटलं. संध्याकाळच्या आत ही गोष्ट सगळ्या ओळखीच्या लोकांत पसरली. बिचारे मास्तर. आणि बिचारी ती.

राहता राहिली मास्तरांची थोरली बहीण. ती लांबच्या गावाहून बस करून आली. मास्तरांनी तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं. बहिणीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. भावजयीला तिनं काहीही विचारलं नाही.

"खरं असणार," ती म्हणाली.

मास्तरांना भरून आलं. "ताई, तुला पटतंय?"

"न पटायला काय झालं? तुझ्याबरोबर एका घरात वाढलेय मी. हिनं इतकी वर्षं कशाला लावली एवढंच कळत नाही मला."

"ताई..." मास्तर म्हणाले, "मला तुझ्याकडे घेऊन चल."

"माझ्याकडे जागा नाही रे," ताई म्हणाली. तिच्याकडे चार खोल्या होत्या आणि माणूस ती एकटीच. तिनं चहा घेतला, निघताना भावजयीच्या हातावर हात ठेवला आणि बस गाठायला गेली.

मग एक दिवस दातांचे डॉक्टर आले आणि घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, तुम्हीच का नाही करत हे काम? इतकी वर्षं बघताय."

ती करायला लागली. तिचा माल परत आला नाही. मास्तर पुढच्या खोलीत स्टुलावर बसायचे. गिऱ्हाइकं त्यांना मोठ्यानं नमस्कार करायची, जणू कान गेलेत, आणि मग त्यांच्या डोक्यावरून तिच्याशी बोलायची. आरंभी मास्तर प्रत्येकाला खरं काय झालं ते सांगायचे. लोक मान डोलवायचे. ती मागून येऊन म्हणायची, "मनावर घेऊ नका हं." पुढे पुढे मास्तरांनी सांगायचं सोडून दिलं.

निवेदिकाबाईंची चौकट मात्र तिच्या मनातून जात नव्हती. रिकामा रेडिओ अजून बाईंच्या घरी होता. सुताराला घेऊन ती तिथे गेली, माप घेतलं, आठवणीतली नक्षी कागदावर उतरवली. एका खोदकाम करणाऱ्याकडून तशीच चौकट पितळेची करून घेतली. घासायला तिला बरेच दिवस लागले, कोपऱ्यांत कापूस लावलेली काडी घालून घालून. मुलामा असा बसला की तसा तिच्या हातून पुन्हा कधी बसेल असं तिला वाटलं नाही. ती एकटीच ती घेऊन बाईंच्या घरी गेली.

बाईंनी चौकट खिडकीच्या उजेडात धरली. "सुंदर झालीय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ती उलटी केली. मागचं पितळ कोरं होतं. बोट एकदा त्यावरून फिरलं आणि त्यांनी चौकट टेबलावर ठेवली.

मास्तरांच्या बायकोला बोलायचं होतं. वाटेत तिनं वाक्यंही जुळवली होती. मी तिथे उभी होते, मला दिसत होतं, इथून सुरुवात करायची होती.

"मास्तरांना सांगा," बाईच आधी बोलल्या, "मी रागावलेली नाही. त्यांच्या मनाला लागलं असेल. डोळ्यांचं मला मागाहून कळलं. माणूस काय करणार? आणि या एकदा दोघं घरी. त्यांच्या गप्पा मला फार आवडल्या होत्या."

"सांगते," ती म्हणाली. जुळवलेली वाक्यं तशीच घेऊन ती परत आली.

मास्तर वाट बघत होते. ती बाईंकडे जाणार हे कळल्यापासून त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, एक गुंडी वरखाली लागली होती. पाऊल वाजताच ते उठले.

"काय म्हणाल्या?"

"चौकट आवडली."

"ते असू दे. माझ्याबद्दल?"

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. "म्हणाल्या, त्यांना पुन्हा माझ्यासमोर आणू नका."

मास्तर उभेच राहिले. "असं म्हणाल्या?"

"हो."

"आवाज कसा होता? चिडल्या होत्या?"

"नाही. नेहमीसारखाच. स्वच्छ."

मास्तरांनी मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. मागे हात नेऊन ते स्टूल चाचपायला लागले. लादी पुसताना तिनं ते भिंतीकडे सरकवलं होतं. हात हवेत इकडे गेला, तिकडे गेला. ती बघत होती. थोड्या वेळानं त्यांनी शोधणं सोडलं आणि गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू, जमिनीवर बसले.

डॉक्टरांची दोन बटणं आणि एक जाळी घासून तयार होती. ती मागच्या खोलीत गेली आणि कॉस्टिक तापत ठेवलं.